धापेचा पंप वेगळा, रोजचा पंप वेगळा

दमा असलेल्या मुलाच्या घरात साल्ब्युटामॉलचा पंप सगळ्यांच्या ओळखीचा असतो. छातीत शिट्टी वाजायला लागली की घ्यायचा. पाच-दहा मिनिटांत नळ्या मोकळ्या होतात, चार-सहा तास निभतात. झालं.

घोळ होतो तो दुसऱ्या पंपाचा, ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनच्या. तो श्वासनळीची आतली सूज उतरवतो आणि त्याला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. आज दिला म्हणून आज काही दिसत नाही. मग धाप लागलेल्या लेकराला लोक हाच देत बसतात आणि मोलाचा वेळ जातो. नाहीतर लेकरू महिनाभर छान खेळलं की ‘आता कशाला?’ म्हणून बंद करतात. अहो, ते खेळतंय ते याच पंपाच्या जोरावर! मीही मुलीचा पंप मे महिन्यात असाच बंद केला होता. पहिल्या पावसात, रात्री दोन वाजता, श्वासागणिक तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. आता डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद. सकाळ-रात्र दात घासायच्या आधी पंप, मग चूळ. चूळ राहिली तर तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात.

‘पंपाची सवय लागते’ हे तर मला ऐकवतच नाही. हेच म्हणणारे साल्ब्युटामॉलचं सिरप बिनधास्त पाजतात. ५ मिलीलिटर सिरपमध्ये २ मिलिग्रॅम औषध, पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे विसावा हिस्सा, आणि तोही थेट छातीत.

रोजचा पंप घरीच राहू दे. पाळणाघराच्या पिशवीत धापेचा पंप, मास्कचा स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी: किती पफ, किती वेळाने, दवाखान्यात कधी न्यायचं. ताईंना ‘निळा द्या’ एवढंच सांगू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. पंपावर मोठ्या अक्षरांत ‘धाप’ लिहा. आणि एकदा समोर करून दाखवा: पंप हलवायचा, एक पफ, पाच-सहा श्वास, मग दुसरा. बोलताना शब्द तुटत असतील, ओठ निळसर दिसत असतील, तर पफ देत देतच दवाखाना गाठायचा.

मुलीला घ्यायला गेले की मी रोज विचारते, ‘ताई, आज पंप लागला का?’ उत्तर कॅलेंडरवर लिहून ठेवते. पाच वर्षांखालच्या मुलाला धापेचा पंप आठवड्यात एकापेक्षा जास्त वेळा लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही. ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जायचं.