बेने इस्राएल आडनावे

बेने इस्राएल आडनावे : कोकणातील मराठीभाषक यहुदी समाजाची गावावरून पडलेली, ‘कर’ प्रत्ययाची आडनावे. किहीमकर, झिराडकर, रोहेकर, अष्टमकर, वाक्रूळकर, तळकर ही त्यांपैकी काही. त्यांची मूळ गावे बहुतांशी आजच्या रायगड, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यातील. ही आडनावे पलटणीच्या, शाळेच्या आणि कचेरीच्या कागदांवर चढली ती मात्र मुख्यतः मुंबईत, आणि पुढे विरळ झाली तीही तिथेच. मुंबईत यहुदी म्हटले की बहुतेकांच्या तोंडी ससूनचे नाव येते. पण ससून, कदूरी ही घराणी बगदादी, एकोणिसाव्या शतकात व्यापारासाठी आलेली. बेने इस्राएल त्यांच्या कितीतरी आधीपासून इथले. त्यांची घरची भाषा मराठी, आणि आडनाव लावण्याची रीतही मराठी.

गावे

समाजाची पारंपरिक कथा अशी : फार पूर्वी एक जहाज अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ खडकावर फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. जे बुडाले त्यांना नवगावलाच पुरले असे मानतात, आणि त्या जागी आज स्मारक आहे. हे केव्हा घडले यावर एकमत नाही. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी ते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात नेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात यहुदी आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वंशांश आढळले. त्यांचा संकर साधारण साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वी झाला असावा, असे अनुमान त्यात आहे. कथा आणि जनुके एकमेकांना खोटे पाडत नाहीत, पण एकमेकांची साक्षही पुरती देत नाहीत.

नवगावातून ही कुटुंबे आसपासच्या गावांत पांगली. तेलाचे घाणे हा त्यांचा मुख्य धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. गावात तेली म्हणून भागत होते तोवर आडनावाची गरज नव्हती. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की ‘कुठला?’ हा प्रश्न येतो आणि त्याच्या उत्तराला ‘कर’ लागतो. त्यामुळे ‘पेणकर’ हे नाव पेणेत पडत नाही, पेण सोडल्यावर पडते. यांतली बरीचशी आडनावे म्हणजे स्थलांतराच्या खुणा आहेत.

काही जोड्या सरळ लागतात. नवगावचे नवगावकर, आवासचे आवासकर, किहीमचे किहीमकर, पेझारीचे पेझारकर, घोसाळ्याचे घोसाळकर. कुंडलिका नदीच्या एका काठावर रोहे आणि समोरच्या काठावर अष्टमी. त्यामुळे रोहेकर आणि अष्टमकर ही दोन आडनावे फक्त एका नदीने वेगळी केलेली आहेत. चेऊलकर या रूपात चौलचा जुना उच्चार टिकून राहिला. गावाच्या पाटीवर तो आता दिसत नाही. काही ठिकाणी मात्र गाव नेमके सांगणे अवघड होते. ‘दिवे’ने सुरू होणारी गावे कोकणात एकाहून जास्त आहेत, श्रीवर्धनकडचे दिवेआगर आणि भिवंडीकडचे दिवे-अंजूर ही त्यांतली ठळक. शहापूर अलिबागजवळ आहे तसे ठाणे जिल्ह्यातही आहे. म्हणून आडनावावरून थेट नकाशावर बोट ठेवताना सावध राहावे लागते.

झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन आडनावांना समाजात वेगळे वजन होते. दावीद रहाबी नावाच्या एका यहुदी विद्वानाने या लोकांना धर्मविधी नव्याने शिकवले आणि तीन घराण्यांतील माणसे निवडून त्यांना धार्मिक कामे व न्यायनिवाडा सोपवला, अशी परंपरा आहे. ती घराणी हीच. त्यांना ‘काझी’ म्हणत आणि हे पद घराण्यात वंशपरंपरेने चाले. रहाबी हजारएक वर्षांपूर्वीचा की अठराव्या शतकातला कोचीचा, हा वाद जुना आहे. यहुदी धर्मगुरूला मुसलमानी पदवी आणि तिच्यामागे मराठी प्रत्ययाचे आडनाव, यात कोकणात कुणाला काही वावगे वाटले नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे आडनाव म्हणजे गोत्र नव्हे. दोन रोहेकर एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे नाही. दोघांचे पूर्वज रोह्याहून निघाले, एवढेच ते आडनाव सांगते.

मुंबई

अठराव्या शतकात ही कुटुंबे मुंबईला येऊ लागली. ओढ होती ती मुख्यतः कंपनीच्या फौजेची, आणि त्याखालोखाल सुतारकाम व बांधकामाची. मुंबईतल्या पहिल्या बेने इस्राएल पिढ्यांपैकी सर्वांत ठळक नाव सामाजी हसाजी दिवेकर यांचे. हिब्रू रूपात ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर. ते कंपनीच्या पलटणीत देशी अधिकारी होते. दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि पुढे सुटले. त्या सुटकेची कृतज्ञता म्हणून त्यांनी १७९६ साली मांडवी भागात प्रार्थनामंदिर बांधले. ‘शारे रहामीम’ म्हणजे दयेचे द्वार, हे त्याचे नाव. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि मस्जिद स्थानकाला त्यावरूनच नाव पडले असे सांगितले जाते. शेजारचा सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. रस्त्याने ‘सॅम्युएल’ ठेवले, ‘सामाजी’ आणि ‘दिवेकर’ दोन्ही गाळले. पुढे जे पुष्कळांच्या बाबतीत झाले त्याची ही सुरुवात म्हणता येईल.

त्या काळच्या नावांत एक गंमत आहे. पहिली नावे बायबलमधली, पण मराठी तोंडात घोळून आलेली : सॅम्युएलचा सामाजी, इझिकेलचा हसाजी, मोशेचा मुसाजी, अब्राहमचा आबाजी, आयझॅकचा इसाजी. ‘इसाजी रोहेकर’ असे नाव ऐकले तर माणूस यहुदी आहे हे शेजाऱ्यालाही ओळखता आले नसते. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा, बायबलची मराठी भाषांतरे आणि हिब्रूचे शिक्षण आले, आणि पुढच्या पिढ्यांत सामाजी मागे पडून सॅम्युएल आला. म्हणजे पहिले नाव जसे उघड यहुदी झाले, तसे मराठी आडनाव सोडून देणे सोपे झाले.

वस्ती मांडवी, डोंगरी, उमरखाडी अशी सरकत माझगाव, भायखळा, नागपाडा, आग्रीपाडा, जेकब सर्कल इथवर आली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली सुरू केलेली इस्राएली शाळा पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. समाजाचा इतिहासही त्यांनी १८९७ मध्येच लिहून ठेवला होता. तो छापला गेला मात्र १९३७ साली, तेल अवीवमध्ये. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. आडनावांचा कुणी अभ्यास करायचा म्हटला तर या पिढीचे मराठी लेखन आणि प्रार्थनामंदिरांच्या विवाहनोंदी, या दोन गोष्टींना पर्याय नाही. तिसरी गोष्ट म्हणजे थडग्यांवरचे शिलालेख, जिथे हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्या एका दगडावर भेटतात आणि ‘कर’ बहुधा मराठी ओळीत सापडतो.

गळालेला ‘कर’

मराठी माणसाचे पूर्ण नाव तीन पदरी : स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. बेने इस्राएलही तसेच लिहीत. पण वडिलांचे नाव मोझेस, डेव्हिड किंवा इझिकेल असले की इंग्रजी वळणाच्या कचेरीत तेच आडनाव समजले जाई. काहींनी हे स्वतःहून केले, काहींच्या बाबतीत नोंदवहीने केले. त्यामुळे एकाच घराण्यात एक भाऊ सॅमसन, दुसरा पेणकर, आणि पुतण्या तिसऱ्याच नावाचा असेही घडते. हे आडनावच प्रत्येक पिढीत बदलू शकते, कारण ते बापाचे नाव असते.

१९३७–३८ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉक्टर इलायजा मोझेस यांचे नाव महालक्ष्मी-वरळीच्या रस्त्याला आहे. रोज लाखो लोक ‘ई. मोझेस रोड’ म्हणतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना तो कुणी इंग्रज साहेब वाटतो. चित्रपटांतले ‘डेव्हिड’, म्हणजे १९५४ च्या ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा, यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) ज्यांच्या नाटकावरून झाला, ते जोसेफ डेव्हिड म्हणजे पेणकर. डॉक्टर जेरुशा झिराड यांनी लंडनहून एम.डी. पदवी घेतली, कामा रुग्णालयात काम केले आणि १९६६ साली पद्मश्री मिळवली. त्यांच्या नावात गाव तेवढे शिल्लक राहिले, प्रत्यय गेला. झिराडचे माणूस ‘झिराडकर’ न राहता ‘झिराड’च झाले.

ज्यांनी प्रत्यय सोडला नाही त्यांतले आजचे परिचित नाव फुलपाखरांचे अभ्यासक आयझॅक किहीमकर. त्यांची कारकीर्द बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेली. सलीम अलींनी सुगरण पक्ष्याच्या वीणीचे गाजलेले निरीक्षण १९३० साली केले ते किहीमलाच. हा योगायोग असेल, पण आडनावांच्या नोंदीत तो टाळवत नाही.

इंग्रजीत लिहिताना या समाजातले बरेच जण ‘कर’साठी शेवटी ए ऐवजी ई हे अक्षर घालतात. ती ओळखीची एक खूण मानली जाते, पण खात्रीचा पुरावा नव्हे.

संख्या

अमुक एका आडनावाचे किती लोक आहेत याचा सरकारी आकडा भारतात मिळत नाही. जनगणना धर्म नोंदवते, आडनावांचे तक्ते काढत नाही. यहुदींची गणनाही मुख्य सहा धर्मांत न होता ‘इतर धर्म आणि पंथ’ या सदरात होते, आणि त्यात बेने इस्राएल, बगदादी व कोचीचे असा भेद राहत नाही. तेव्हा हातात येते ती केवळ बाहेरची चौकट. १९४१ च्या जनगणनेत देशात साधारण साडेबावीस हजार यहुदी होते. त्यांतले बहुसंख्य बेने इस्राएल, आणि त्यांची सर्वांत मोठी वस्ती मुंबई. १९४८ नंतर इस्राएलला जाण्याचा ओघ सुरू झाला आणि पन्नास-साठच्या दशकांत तो मोठा होता. एकविसाव्या शतकातल्या जनगणनांत देशभरचा आकडा पाच हजारांच्या आत आला, त्यातला निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा महाराष्ट्रात. राज्य शासनाने २०१६ साली यहुदींना अल्पसंख्याक दर्जा दिला.

आता साधा हिशेब करू. राज्यात अडीच हजारांच्या आसपास माणसे आणि गावांवरून पडलेली आडनावे शंभराहून अधिक. सरासरी काढली तर एका आडनावाला पंचवीस माणसेही येत नाहीत. सरासरी फसवी असते हे खरेच. काही आडनावे मोठ्या कुटुंबांची आहेत आणि काही मुंबईत एकाच दारावर उरली असण्याची शक्यता आहे.

आडनावावरून उलटी मोजणी करणारे तक्ते इथे दोन्ही बाजूंनी चुकतात. दिवेकर, दांडेकर ही आडनावे चित्पावनांतही आहेत. पेणकर, चौलकर, घोसाळकर हिंदूंच्या अनेक जातींत आढळतात. कोकणी मुसलमानांतही ‘कर’ची आडनावे आहेत. गाव एकच, तिथून निघालेले लोक अनेक. त्यामुळे मतदारयादीतले पेणकर मोजून बेने इस्राएल पेणकरांचा आकडा काढला तर तो कित्येक पटींनी फुगेल. उलट मोझेस, सॅमसन, बेंजामिन, जोसेफ झालेली घरे त्या मोजणीतून निसटतील आणि बहुधा ख्रिस्ती म्हणून धरली जातील. किहीमकर, वाक्रूळकर, अष्टमकर यांसारखी लहान गावांची आडनावे त्यातल्या त्यात भरवशाची, कारण ती इतरांत कमी दिसतात.

मुंबईतली घटती वस्ती पुढे उपनगरांत आणि ठाण्यात सरकली. ठाण्याचे ‘शार हाशामाईम’ हे १८७९ चे प्रार्थनामंदिर आज या भागातल्या गजबजलेल्या मंदिरांपैकी एक आहे. मूळ गावांपैकी पुष्कळांत आता एकही यहुदी घर नाही. अलिबागला ‘इस्राएल आळी’ हे नाव मात्र अजून चालते. अलिबाग हे गावाचे नावच अली नावाच्या एका बेने इस्राएल बागायतदारावरून पडले, अशी आख्यायिका आहे.

इस्राएलमध्ये

आज या आडनावांचे बहुसंख्य धारक भारतात नाहीत, इस्राएलमध्ये आहेत. अश्दोद, लोद, रामले, बीरशेबा, दिमोना ही त्यांच्या वस्तीची मुख्य शहरे. तिथेही सुरुवातीला वंशाबद्दल प्रश्न उभे राहिले. १९६२ साली धर्मपीठाने या समाजातील विवाहांपूर्वी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. मोठे आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे मान्य केले. काहींनी आडनावे बदलून हिब्रू वळणाची केली, काहींनी इथल्यासारखेच वडिलांचे नाव पुढे चालवले, पण ‘कर’ पुष्कळांनी ठेवला. हिब्रू लिपीत ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही. तेव्हा पेणकरचा ‘पेनकर’ होतो आणि तळकरचा ‘तलकर’. दारावरची पाटी ‘तलकर’ वाचते आणि घरातली म्हातारी माणसे ‘तळकर’च म्हणतात.