नॉर्थ फील्ड, टिनियन

पश्चिम पॅसिफिकमधील मारियाना द्वीपसमूहातील टिनियन बेटाच्या उत्तर टोकावरचा, दुसऱ्या महायुद्धातील लष्करी विमानतळ. हिरोशिमा व नागासाकीवर अणुबाँब टाकणारी विमाने येथून उडाली.

मूळ धावपट्टी जपानी नौदलाची. ऑगस्ट १९४४ च्या आरंभी बेट अमेरिकेच्या हाती आले. टोकियो येथून सुमारे २,४०० किमी., म्हणजे बी-२९ या अमेरिकी बाँबफेकी विमानाला बाँब टाकून परतता येईल एवढे. नौदलाच्या बांधकाम पलटणींनी, म्हणजे ‘सीबीं’नी, प्रवाळखडक सुरुंगाने फोडला, चुरा पसरून पाणी मारले, रोलरने दाबला आणि वर डांबराचा थर दिला. मे १९४५ पर्यंत प्रत्येकी ८,५०० फूट (सु. २,५९० मी.) लांबीच्या चार समांतर धावपट्ट्या तयार झाल्या : एबल, बेकर, चार्ली व डॉग. जपानी बंदरांभोवती समुद्रात सुरुंग पेरणारी विमानेही येथलीच.

एवढी लांबी चैनीसाठी नव्हती. इंधन व बाँब भरलेले विमान ६० टनांच्या आसपास जाई. त्यातच बी-२९ ची इंजिने तापून पेट घेत. उड्डाणाच्या ऐन क्षणी एखादे बंद पडले, तर विमान वाचणे कठीण. असे अपघात पाहिल्यामुळेच बाँबची जबाबदारी असलेले नौदलाचे कॅप्टन विल्यम पार्सन्स यांनी ‘लिटल बॉय’मधील, म्हणजे हिरोशिमावर टाकलेल्या बाँबमधील, कॉर्डाइटच्या (बाँब सुरू करणाऱ्या दारूच्या) पिशव्या ६ ऑगस्ट १९४५ रोजी तो नेणारे ‘एनोला गे’ विमान हवेत गेल्यावर बसवल्या. तेव्हा जमिनीवर अपघात झाला असता, तरी अणुस्फोटाचा धोका बराच कमी राहिला असता. नागासाकीवर टाकलेल्या ‘फॅट मॅन’मध्ये ही सोय नव्हती, त्याची जुळणी जमिनीवरच पुरी करावी लागे.

बाँब चढवणे ही वेगळीच अडचण. ‘फॅट मॅन’चा व्यास सुमारे दीड मीटर, वजन साडेचार टनांहून अधिक, विमानाच्या पोटाखाली त्याची गाडी मावेना. म्हणून काँक्रीटचे दोन खड्डे बांधले. आधी बाँब हायड्रॉलिक उचलयंत्रावर ठेवून खड्ड्यात उतरवत, मग विमान मागे ढकलून नेमके वर आणत आणि बाँब सावकाश पोटात चढवत.

युद्धानंतर तळ सोडून देण्यात आला. धावपट्ट्यांना तिकडे ‘टांगानटांगान’ म्हणतात त्या झाडाने, म्हणजे आपल्या सुबाभळीने, वेढले. खड्डे बुजवले गेले होते; पुढे ते मोकळे करून त्यांवर काचेची आच्छादने बसवण्यात आली. १९८५ साली हा परिसर अमेरिकेचे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरला. अलीकडे अमेरिकी हवाई दलाने झाडी तोडून धावपट्ट्या पुन्हा वापरायोग्य करण्याचे काम हाती घेतले आहे.