पर्यावरण कृती दल

पर्यावरण कृती दल : उजाड झालेल्या जमिनीवर पुन्हा झाडोरा उभा करण्यासाठी माजी सैनिकांमधून उभारलेल्या भारतीय प्रादेशिक सेनेच्या (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे नियमित सेनेला पूरक असलेले स्वयंसेवी दल) पलटणी. ‘इको टास्क फोर्स’ किंवा नुसते ‘इको बटालियन’ या नावांनी त्या अधिक परिचित आहेत. कागदोपत्री त्या पायदळाच्या पलटणी असून प्रत्येक पलटण एखाद्या रेजिमेंटशी संलग्न असते. काम मात्र वनीकरणाचे आणि मृद व जलसंधारणाचे. जवान प्रामुख्याने त्याच भागातील निवृत्तिवेतनधारक माजी सैनिक असतात. वन खात्याच्या माजी महिला कर्मचाऱ्यांनाही भरतीची तरतूद आहे. जमीन, रोपे व तांत्रिक सल्ला राज्याचे वन खाते पुरवते.

पहिली, म्हणजे गढवाल रायफल्सशी संलग्न १२७ वी पलटण १९८२ च्या अखेरीस डेहराडून येथे उभी राहिली. मूळ कल्पना कोणाची, याबाबत मात्र एकवाक्यता नाही. कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांना ही सूचना केली, असे सैन्यविषयक लेखनात वारंवार आढळते. अशी सूचना झाली असणे शक्य आहे. तथापि तेवढ्यावरून या दलाचा उगम उलगडत नाही. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या व ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उद्‌घाटन झालेल्या प्रादेशिक सेनेची चौकट हाताशी होती. केंद्रात १९८० मध्ये स्वतंत्र पर्यावरण विभाग सुरू झाला होता. गढवालात १९७३ पासूनच्या चिपको आंदोलनाने जंगलतोडीचा प्रश्न ऐरणीवर आणला होता. शिवाय तेथे गावोगाव पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आत घरी परतलेले धडधाकट जवान होते. या चार गोष्टी एकत्र येण्यातून दल आकाराला आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

डेहराडूनचे काम तांत्रिकदृष्ट्या सर्वांत बोधप्रद आहे. मसुरीच्या डोंगरउतारांवर चुनखडीच्या खाणींनी नुसती झाडेच नेली नव्हती; सुरुंगांनी सुटलेला दगडगोट्यांचा राडा उतारांवर मोकळा पडला होता आणि पावसाळ्यात तो ओढ्यांतून खाली शेतांत व वस्तीत येत असे. अशा जागी थेट रोप लावणे निरर्थक ठरते, कारण ते पहिल्याच पावसात राड्याबरोबर वाहून जाते. म्हणून कामाचा क्रम उलटा असतो. प्रथम ओघळींवर वरून खाली तारेच्या जाळीत दगड भरून बांध घालायचे, त्यामागे गाळ साचला व उतार स्थिरावला की गवत आणि झुडपे, झाडे त्यानंतर. खड्डे पावसाळ्यापूर्वीच खणून ठेवतात व लागवड पाऊस जमिनीत मुरल्यावर करतात. लावलेल्या जागेची राखण, मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणे आणि गुरांपासून संरक्षण हे पुढे काही वर्षे चालते. पलटण दीर्घकाळ त्याच जमिनीवर राहते, हे या पद्धतीचे खरे बळ आहे. वृक्षारोपण मोहिमांतील आकड्यांशी तिची तुलना करणे योग्य नाही. पलटण आली तेव्हा खाणी सुरूच होत्या. त्यांतील बहुतेक बंद करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मार्च १९८५ मध्ये झाला. त्यामुळे दून खोऱ्याच्या हरितीकरणाचे श्रेय एकट्या पलटणीला देता येत नाही. त्याचप्रमाणे नुसत्या खाणबंदीने इतक्या लवकर हिरवळ परतली नसती, हेही तितकेच खरे.

यानंतर राजस्थानात इंदिरा गांधी कालव्याच्या परिसरात वाळू स्थिर करण्यासाठी १२८ वी पलटण उभारली गेली. पुढे जम्मू, कुमाऊँ, हिमाचल व आसाम येथेही पलटणी उभ्या राहिल्या. दिल्लीच्या दक्षिणेस असोला-भट्टी येथील परित्यक्त खाणींवरचे काम विशेष उल्लेखनीय आहे. तेथे जमीन सर्वस्वी उघडी नव्हती; बऱ्याच भागावर विलायती कीकर या परकीय काटेरी झाडाचा अंमल होता.

महाराष्ट्रात महार रेजिमेंटशी संलग्न १३६ वी पलटण २०१७ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे, राज्यात वनक्षेत्र सर्वांत विरळ असलेल्या मराठवाड्यासाठी उभारण्यात आली. येथे मसुरीप्रमाणे वाहता राडा नाही. पातळ माती, तिच्याखाली मुरूम आणि लांबणारा उन्हाळा या अडचणी आहेत. त्यामुळे रोपांना पहिल्या वर्षांत पाणी पुरवणे हाच खर्चाचा व कष्टाचा मोठा भाग असतो. माजी सैनिकाने गावाचे पाणलोट सुधारल्याचे राज्यातील सुपरिचित उदाहरण राळेगणसिद्धीचे आहे. १९७५ मध्ये सैन्यातून निवृत्त झालेले अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने ते घडले. मात्र ते श्रमदान व ग्रामसभेच्या निर्णयांवर उभे होते, गणवेशातील सेवेवर नव्हे; दोन्हींना एकाच मापाने मोजू नये.

दलाविषयीचा महत्त्वाचा आक्षेप चराईबंदीचा आहे. कुंपण पडले की प्रथम झळ लागते ती शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना आणि चारा-सरपण आणणाऱ्या स्त्रियांना. जवान त्याच पंचक्रोशीतले असल्याने बोलणी सोपी जातात आणि कापून नेण्यासाठी गवत खुले ठेवण्यासारख्या तडजोडी शक्य होतात. तरीही हा प्रश्न ठिकाणागणिक वेगळा सोडवावा लागतो. माजी सैनिकाच्या दृष्टीने पाहता, शिस्तीची व सोबतीची सवय असलेल्या माणसाला घराजवळ पगारी, मानाचे काम मिळते, ही बाजूही दुय्यम मानता येत नाही.

गंगा नदीच्या शुद्धीकरणासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘नमामि गंगे’ कार्यक्रमांतर्गत प्रयागराज येथे मुख्यालय असलेली गंगा कृती दलाची पलटण हा या योजनेचा अलीकडचा विस्तार होय. वनीकरणाबरोबरच घाटांवरील गस्त, पाण्याच्या नमुन्यांची तपासणी व लोकजागृती ही कामे तिच्याकडे आहेत.