धुतलं, पण वाळवलं का?

मासिक पाळीच्या कपाबद्दल बोलायला नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत गेले होते. अशा ठिकाणी शेवटी मी एक डबा फिरवते. नाव न घालता चिठ्ठी टाकायची, मी उत्तर देणार. बहुतेक चिठ्ठ्या पोटदुखीच्या आणि डागांच्या निघतात. एक मात्र चार घड्या घालून इवलीशी केलेली होती. आत निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘कप उकळतो तसा व्हायब्रेटर उकळायचा का? आणि वाळवायचा कुठे? घरात सासूबाई असतात.’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच दिलं. आत मोटर असेल तर उकळायचा नाही. दुसऱ्यावर सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येताना रिक्षात लक्षात आलं की सूक्ष्मजीवशास्त्राचा खरा प्रश्न तर तोच होता.

पण आधी पदार्थाबद्दल. सेक्स टॉय स्वच्छ होणार की नाही हे साबणापेक्षा ते कशाचं बनलंय यावर जास्त ठरतं. नाशिकच्या एखाद्या वायनरीत फेरफटका मारला असेल तर दोन तऱ्हेची भांडी पाहिली असतील, स्टीलच्या उंच टाक्या आणि ओकच्या लाकडाची पिंपं. टाकी धुतली की धुतली. पिंपाचं तसं नाही. ब्रेटॅनोमायसिस नावाचं एक यीस्ट लाकडाच्या छिद्रांतून काही मिलिमीटर आत जाऊन बसतं आणि पुढच्या वाइनला तबेल्यासारखा वास आणतं. वरून कितीही घासा, ते आतच राहतं. माठ आणि स्टीलचा हंडा यांतला फरकही हाच.

शुद्ध सिलिकॉन, बोरोसिलिकेट काच, स्टेनलेस स्टील आणि एबीएस हे कडक प्लास्टिक ही हंड्याची जात. यांना छिद्रं नसतात. हाताला मऊ, ‘अगदी त्वचेसारखी’ लागणारी स्वस्त टॉईज बहुधा टीपीई, टीपीआर (रबरासारखी मऊ प्लास्टिकं) किंवा जेलीसारख्या पीव्हीसीची असतात, ती माठाची जात. त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत स्राव, ल्युब्रिकंट आणि पाणी मुरतं. जंतू तिथे नुसते पडून राहत नाहीत, स्वतःभोवती चिकट आवरण विणतात. प्यायच्या पाण्याची बाटली आठवडाभर घासली नाही की तळाला जो बुळबुळीत थर लागतो, तोच हा. शास्त्रात त्याला बायोफिल्म म्हणतात. एकदा तो जमला की आतल्या जंतूंपर्यंत औषध नीट पोचत नाही. कँडिडा ही योनीत खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव आणणारी बुरशीही बायोफिल्म करण्यात पटाईत आहे. म्हणून छिद्राळ टॉय वापरायचंच असेल तर दर वेळी वर नवा कंडोम चढवायचा. अंगावरून खाजरं पांढरं जात असेल तर डॉक्टरांकडून उपचार घ्यायचे आणि ते टॉय टाकून द्यायचं. नाहीतर औषध घेऊन बरं झाल्यावर तेच परत घ्यायला आपणच कपाट उघडतो.

मऊपणाचं आणखी एक गुपित शाळेच्या कंपासपेटीत सापडतं. खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला टेकून राहिला की महिन्याभरात दोन्ही एकमेकांना चिकटतात, पट्टीवर खड्डा पडतो आणि वेगळं करताना रबराचा तुकडा तिथेच राहतो. असं खोडरबर बहुधा पीव्हीसीचंच असतं. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते लवचीक व्हावं म्हणून त्यात थॅलेटसारखी तेलकट द्रव्यं घालतात, आणि ती एका जागी थांबत नाहीत, पाझरतात. दोन मऊ टॉईज एकाच पिशवीत कोंबली की कंपासपेटीतलाच प्रकार होतो. डबा उघडताच नव्या चपलेसारखा उग्र वास आला, पृष्ठभाग चिकट लागला, तर ही द्रव्यं बाहेर येताहेत असं समजावं. अशी वस्तू नाजूक त्वचेला लावू नये, हे माझं स्पष्ट मत.

पदार्थ ओळखायचा कसा, हीच आपल्याकडे अडचण. आपल्याकडे या वस्तू बऱ्याचदा ‘मसाजर’ म्हणून विकल्या जातात. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बॉडी मसाजरना निषिद्ध अश्लील वस्तू ठरवता येणार नाही असं सांगितलं, म्हणजे वाद किती साध्या टप्प्यावर आहे ते कळतं. आरोग्याच्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय मानक २०२१ मध्ये आलं, आयएसओ ३५३३. खोक्यावर त्याचा उल्लेख असेल तर बरं. नुसतं ‘मेडिकल ग्रेड’ छापलेलं असेल तर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

आता उकळण्याबद्दल. मोटर, बॅटरी, वायर यांतलं काहीच नसलेलं शुद्ध सिलिकॉन, काच किंवा स्टील उकळता येतं. स्वयंपाकाचं नको, वेगळं पातेलं घ्यावं. तळाशी सुती फडकं घालावं, म्हणजे टॉय तापलेल्या धातूला टेकत नाही. काच गार पाण्यात ठेवूनच गॅस लावावा आणि पाण्यातच निवू द्यावी, एकदम गरम-गार केली तर तडकते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी १०० नाही तर जवळजवळ ९८ अंशांवर उकळतं. या कामाला दोन अंशांनी काही बिघडत नाही, पाच मिनिटं भरपूर झाली. काही जिवाणूंचे बीजाणू त्यातूनही वाचतात, पण आपल्याला ऑपरेशन थिएटर उघडायचं नाहीये.

मोटर असलेल्याला साबण-पाणीच. खोक्यावर आयपीएक्स म्हणजे पाणी किती सोसेल त्याचा आकडा असतो. आयपीएक्स ७ लिहिलं असेल तर ते एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावं अशी चाचणी झालेली असते. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे सोसतं, नळाखाली धरू नका, ओल्या फडक्याने पुसा. घाण बसते ती बटणांच्या कडेला आणि जिथे दोन भाग जुळतात त्या फटीत. एक मऊ टूथब्रश त्यासाठीच वेगळा ठेवावा.

साबण सौम्य आणि बिनवासाचा असावा. योनीचा पीएच साधारण ३.८ ते ४.५, म्हणजे दह्याइतका आंबट. लॅक्टोबॅसिलस जिवाणू तो आंबटपणा राखतात आणि त्यावरच बाकीचे जंतू दूर राहतात. अंगाच्या वडीचा पीएच नऊ-दहाच्या घरात असतो. टॉयवर तिचा अंश राहिला तर आपणच हे विरजण बिघडवतो. म्हणून साबण लावण्यापेक्षा तो धुऊन काढण्यात जास्त वेळ घालवावा. जखमेवरचं जंतुनाशक तर नकोच, त्याने आतली त्वचा भाजल्यासारखी होते. सॅनिटायझरवरही भिस्त ठेवू नये. कोरोनाच्या विषाणूभोवती स्निग्ध कवच असतं, ते अल्कोहोलने फुटतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी नातं असलेल्या एचपीव्ही या विषाणूला तसं कवचच नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी मूठभर स्त्रियांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वच्छ केल्यानंतरही काही व्हायब्रेटरवर एचपीव्हीचा डीएनए सापडला. डीएनए सापडला म्हणजे संसर्ग होईलच असं नाही, पण दोघांत एकच टॉय असेल तर माणूस बदलताना कंडोम बदलावा एवढं यातून घ्यायला हरकत नाही. गुदद्वाराकडून योनीकडे येतानाही तोच नियम. आतड्यातल्या ई. कोलायला मूत्रमार्गाचा रस्ता सापडला की लघवीला जळजळ ठरलेली.

आणि आता तो हसण्यावारी नेलेला प्रश्न. निफाड-पिंपळगावच्या बागेतलं द्राक्ष चार दिवस डब्यात ठेवा, बुरशी धरतं. त्याचाच बेदाणा वर्षभर राहतो. बेदाण्यातही पाणी असतंच, पण ते साखरेने बांधून ठेवलेलं, जंतूंच्या हाती लागत नाही. सूक्ष्मजीवांना अन्नाइतकीच मोकळ्या पाण्याची गरज असते. घाईघाईने धुतलेलं टॉय ओलंच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून साड्यांच्या गठ्ठ्याखाली ढकललं, तर आपण धुतलं खरं आणि जंतूंसाठी उबदार, दमट खोलीही थाटून दिली. आषाढ-श्रावणात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी उगवते, तिथे याची काय कथा. लपवण्याची घाई हाच यातला सगळ्यात मोठा आरोग्याचा धोका आहे असं माझं मत होत चाललंय.

साड्यांच्या गठ्ठ्याला माझा तसा विरोध नाही, आतल्या डांबर गोळ्यांना आहे. सिलिकॉन पाण्याला दाद देत नसलं तरी सेंद्रिय वाफा शोषून घेतं, इतकं की हवेतलं प्रदूषण मोजायला संशोधक माणसांच्या मनगटावर सिलिकॉनचे पट्टे बांधतात. तुमचं टॉयही गोळीची वाफ तशीच टिपून ठेवेल. येवल्याची पैठणी आपण मऊ सुती कापडात, एकटी, हवा खेळेल अशी ठेवतो. टॉयलाही तेच लागू, प्रत्येकाला आपली सुती पिशवी. सिलिकॉनच्या टॉयला सिलिकॉनचं ल्युब्रिकंट लावू नये, पृष्ठभाग फुगून खराब होऊ शकतो. पाण्यावर आधारित घ्यावं. काचेच्या टॉयवरून अधूनमधून कापसाचा बोळा फिरवावा. धागा अडकला तर तिथे टवका उडालाय. बरेच दिवस वापर नसेल तर सेल काढून ठेवावेत, आत फुटले तर खार पसरतो. चार्जिंगवाली बॅटरी अर्धी भरून ठेवली, तीही गच्चीला लागून तापणाऱ्या माळ्यावर नाही, तर जास्त टिकते.

राहिला प्रश्न जागेचा. सुती टॉवेलाने टिपून, दुसऱ्या कोरड्या फडक्यावर पंख्याखाली ठेवलं की सिलिकॉन, काच, स्टील तासाभरात खडखडीत होतं. खोलीला कडी लावून, सासूबाई दुपारच्या पडतात तेवढा वेळ पुरतो. टीपीईला मात्र रात्र लागते. ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात उघडं ठेवावं, दार बोटभर किलकिलं करून.