लिव्हरच्या गाठीतला चुना: एका पांढऱ्या ठिपक्यामागचा इतिहास

गेल्या महिन्यात फोंड्याच्या एका काकींनी मुलाचा सीटी स्कॅनचा रिपोर्ट वाचायला मला बोलावलं. मुलगा २२ वर्षांचा, दारूच्या वाटेला कधी न गेलेला. लिव्हरमध्ये मोठी गाठ, तिच्या मधोमध व्रण आणि व्रणात कॅल्सिफिकेशन, म्हणजे साचलेलं कॅल्शियम. काकी म्हणाल्या, "चुना साचलाय म्हणजे जुनंच काहीतरी असणार, बरं होऊन गेलेलं. नाही रे?"

हा समज काही हवेतून आलेला नाही. मेलेल्या पेशींवर शरीर कॅल्शियम बसवतं. भरून आलेली क्षयाची जखम, मेंढ्या-कुत्र्यांकडून आलेल्या हायडॅटिड कृमीची जुनी पिशवी, यांच्या कडा अशाच पांढऱ्या होतात. रॉन्टगेनच्या १८९५ च्या शोधानंतर कितीतरी वर्षं पोटाच्या एक्स-रेमध्ये उजवीकडे वर दिसलेल्या चुन्याचा अर्थ बहुधा पित्ताचा खडा किंवा अशी जुनी पिशवी असाच लागायचा. साध्या एक्स-रेला गाठीच्या आतलं दिसतच नव्हतं. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आला आणि मग कॅल्शियमचे बारीक कणही दिसू लागले.

दिसू लागल्यावर जुना हिशेब चुकू लागला. हेपॅटायटिस बी, सी किंवा दारूने सिरोसिस झालेल्या लिव्हरमध्ये जो नेहमीचा कॅन्सर होतो, त्यात उपचारांआधी कॅल्शियम क्वचितच आढळतं. म्हणून ते दिसलं की डॉक्टर दुसरीकडे वळतात. मोठ्या आतड्याचा चिकट स्राव करणारा कॅन्सर लिव्हरमध्ये पसरला तर तिथे चुना साचतो, म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीने तपासणी होते. लहान मुलांत हेपॅटोब्लास्टोमा या लिव्हरच्या कॅन्सरचा विचार होतो.

काकींच्या मुलाच्या वयाशी जुळणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. १९५६ मध्ये अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट ह्यू एडमंडसन यांनी १४ वर्षांच्या एका मुलीची गाठ नोंदवली. लिव्हरचा बाकी भाग निरोगी, गाठीत तंतूंचे पट्टे. लिव्हरच्या कॅन्सरच्या या प्रकाराला फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा म्हणून स्वतंत्र ओळख मिळायला १९८० उजाडलं. तो तरुणांना होतो, लिव्हरच्या नेहमीच्या कॅन्सरची खूण मानली जाणारी रक्तातली एएफपी बहुधा नॉर्मल येते आणि मधल्या व्रणात कॅल्शियम वारंवार सापडतं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधनात त्यामागचा जनुकीय दोष सापडला: डीएनएजेबी१ आणि पीआरकेएसीए ही दोन जनुकं एकमेकांना चिकटलेली. संशोधकांतली एलाना सायमन स्वतः याच आजारातून गेलेली होती. मला हा सगळा प्रवासच विलक्षण वाटतो.

धोका आहे तो नेमका या व्रणाशी. फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया ही निरुपद्रवी गाठही व्रण दाखवते, पण तिच्यात कॅल्शियम फार विरळा. चुना पाहून "जुनी गाठ" म्हणत फायब्रोलॅमेलरची गाठ सोडून दिली, तर शस्त्रक्रियेची वेळ निघून जाऊ शकते. फायब्रोलॅमेलरमध्ये शस्त्रक्रिया हाच आजही मुख्य आधार आहे.

उपचार सुरू झाल्यावरही चुना घोटाळा करतो. गाठीला रक्त देणारी धमनी बंद करताना लिपिओडॉल नावाचं आयोडीनयुक्त तेल सोडतात, तेही सीटीत पांढरंच दिसतं. शिरेतून डाय देण्याआधीचा साधा स्कॅन नसेल, तर कॅल्शियमलाच जिवंत गाठीची चमक समजण्याची चूक होते. सोनोग्राफीवर बघत सुईने गाठ जाळायची तर चुन्याची सावली मागची कड झाकते. शिवाय कॅल्शियम जमलेली गाठ आतून मेली तरी आकाराने फारशी आटत नाही. म्हणूनच उपचारांचा परिणाम मोजायच्या, २०१० पासून वापरात असलेल्या सुधारित निकषांत नुसता आकार न मोजता डाय शोषणारा, म्हणजे जिवंत भाग मोजतात.

काकींना मी हे सगळं सांगितलं नाही. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात बायोप्सीसाठी जाताना त्याची दोन वर्षांपूर्वीची सोनोग्राफी आणि या स्कॅनची सीडी, दोन्ही सोबत न्या, एवढंच म्हटलं. त्यांनी कपाटातलं जुनं पिवळं पाकीट काढलं आणि मुलाच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवलं.