ऑइल-वॉटर कॉन्टॅक्ट आणि फ्री वॉटर लेव्हल: एकच खोली नव्हे

विहिरीच्या लॉगवर, म्हणजे खोलीनुसार खडकाच्या गुणधर्मांच्या नोंदीवर, तेल संपून पाणी लागतं ती खोली म्हणजे ऑइल-वॉटर कॉन्टॅक्ट. दाबाच्या आलेखावर तेलाची आणि पाण्याची रेषा एकमेकींना छेदतात ती खोली म्हणजे फ्री वॉटर लेव्हल. मोठ्या छिद्रांच्या वाळूखडकात दोन्हींमध्ये इतकं थोडं अंतर असतं की एकीच्या जागी दुसरी धरली तरी खपून जातं. बारीक छिद्रांच्या खडकात मात्र ही गल्लत चांगलीच महागात पडते.

दाब मोजण्यासाठी केबलवरून एक उपकरण विहिरीत सोडतात. त्याची नळी विहिरीच्या भिंतीवर घट्ट दाबून बसते आणि खडकातून थोडासाच द्रव ओढून घेते. दाब एकदम पडतो, मग हळूहळू चढतो आणि स्थिरावतो. तो स्थिर आकडा म्हणजे त्या खोलीवरचा दाब. अशी बरीच मापं घेऊन ती उभ्या खोलीसमोर मांडायची. (विहीर तिरकी असेल तर केबलची लांबी ही खोली म्हणून चालत नाही.) रेषेचा उतार द्रवाची घनता सांगतो. गोड्या पाण्यात दाब दर मीटरला साधारण 1.42 पीएसआयने (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावरचा पौंडांतला दाब) वाढतो, खाऱ्या पाण्यात थोडा जास्त, तेलात बहुधा 1 ते 1.25, वायूत तर फारच कमी. नमुना वर आणण्याआधीच खाली कोणता द्रव आहे हे कळतं, हे मला या मोजमापाचं सगळ्यात मोठं बळ वाटतं.

एक कल्पित विहीर घेऊ. 2000 मीटरवर 3003 आणि 2020 वर 3025.8 पीएसआय दाब आहे; उतार 1.14, म्हणजे तेल. 2070 वर 3089.8 आणि 2090 वर 3119.6, उतार 1.49, म्हणजे खारं पाणी. दोन्ही रेषा वाढवल्या की त्या 2050 मीटरवर, 3060 पीएसआयला भेटतात. ही झाली फ्री वॉटर लेव्हल. पण लॉग म्हणतो, 2040 च्या खाली सगळं पाणीच आहे. मग मधले दहा मीटर कुणाचे?

ते पाण्याचेच. खडकाची छिद्रं आधी पाण्याने भिजलेली असतात. त्यांत शिरायचं तर तेलाचा दाब पाण्याच्या दाबापेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त लागतो. फ्री वॉटर लेव्हलला हा फरक शून्य असतो आणि वर जाताना आपल्या विहिरीत तो दर मीटरला 0.35 पीएसआयने वाढतो. शिरण्यासाठी 3.5 पीएसआय लागत असतील, तर तेल दहा मीटर वरच सुरू होणार. खडक आणखी घट्ट असेल तर त्याहूनही वर. म्हणून एकाच साठ्यात कॉन्टॅक्ट विहिरीगणिक बदलू शकतो. फ्री वॉटर लेव्हल मात्र, साठा जोडलेला असेल आणि खालचं पाणी वाहत नसेल, तर सगळीकडे एकच राहते. खडकाला पाण्यापेक्षा तेल जास्त चिकटत असेल तर क्रम उलटतो आणि कॉन्टॅक्ट खाली जातो.

तेल आत यावं म्हणून विहिरीच्या नळीला कुठे भोकं पाडायची, पाणी कुठून येईल, हे ठरवताना कॉन्टॅक्ट बघायचा. उंचीनुसार तेलाचं प्रमाण काढून साठ्याचा अंदाज बांधायचा, तर मोजणी फ्री वॉटर लेव्हलपासूनच सुरू करायला हवी. कॉन्टॅक्टपासून सुरू केली तर आपल्या विहिरीत प्रत्येक थराची उंची दहा मीटरने कमी धरली जाईल आणि तेलही कमी दिसेल.

मापं मात्र डोळे झाकून घेऊ नयेत. दोन रेषांच्या उतारांत फरक थोडाच असतो, त्यामुळे एक रेषा 1 पीएसआयने सरकली तरी छेदबिंदू जवळजवळ तीन मीटर हलतो. घट्ट खडकात ड्रिलिंग मडमधलं (विहीर खोदताना आत भरलेल्या चिखलासारख्या द्रवातलं) पाणी झिरपून भिंतीजवळचा दाब वाढवतं. असे बिंदू रेषेपासून जास्त दाबाकडे सुटे पडलेले दिसतात, ते वगळायचे. तेलाचा उतार काढताना सगळे बिंदू शक्यतो एकाच गेजने, एकाच फेरीत घेतलेले असावेत.

आणि उत्पादन सुरू होण्याआधीच शेजारच्या दोन विहिरींच्या फ्री वॉटर लेव्हल, मापातली चूक धरूनही, वेगळ्या निघाल्या, तर त्यांची सरासरी काढू नये. पाणी वाहत नसेल, तर मध्ये एखादा बंद फॉल्ट (द्रव जाऊ न देणारी, खडक सरकून झालेली भेग) किंवा शेलचा, म्हणजे घट्ट चिकणमातीच्या खडकाचा, थर आडवा आलेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि मग तो एक साठा न धरता दोन म्हणून मोजावा लागतो.