थिन क्लायंट नेमका कुठे अडतो?

सकाळी पहिल्या तासाला सहावीचा वर्ग संगणक कक्षात येऊन बसतो, बाई सगळ्यांना यंत्रे सुरू करायला सांगतात, आणि वीसपैकी अकरा पडद्यांवर लॉगिनची चौकट येते. उरलेल्या नऊ पडद्यांवर मात्र पांढऱ्या अक्षरांच्या दोन-तीन ओळी उमटतात आणि पुढे काहीच होत नाही. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटे इथेच जातात. पुढच्या आठवड्यात त्या नऊ यंत्रांवर ‘बंद आहे’ असे कागद चिकटवलेले दिसतात आणि एकेका यंत्रासमोर तीन-तीन मुले दाटीवाटीने बसू लागतात. शाळांच्या संगणक कक्षांत काम करताना मी असे कागद पुष्कळ पाहिले आहेत, आणि ते काढून पाहिल्यावर आतले यंत्र बहुतेक वेळा धडधाकट निघाले आहे. दोष असतो तो त्या यंत्राच्या आणि सर्व्हरच्या मधल्या वाटेवर. ही वाट कशी आहे हे कळले, तर दोष शोधण्याचे निम्मे काम शिक्षकांना स्वतःच करता येते.

थिन क्लायंट म्हणजे स्वतःची हार्ड डिस्क नसलेला, किंवा असली तरी ती न वापरणारा संगणक. त्याला मॉनिटर, की-बोर्ड, माउस आणि नेटवर्कची केबल एवढेच लागते. ऑपरेटिंग सिस्टीम, सॉफ्टवेअर आणि मुलांच्या फाइली कक्षातल्या एका मोठ्या सर्व्हरवर असतात. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर ही सोय करून देणारा ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’, म्हणजे एलटीएसपी, अमेरिकेतील जिम मॅक्‌क्विलन यांनी १९९९ साली सुरू केला. नॉर्वेमध्ये २००१ साली सुरू झालेल्या ‘स्कोलेलिनक्स’ने हीच पद्धत शाळांसाठी वापरली, कारण दुसरीकडून टाकून दिलेले जुने संगणकही अशा कक्षात आणखी काही वर्षे उपयोगी पडतात. या लेखातली उदाहरणे एलटीएसपीच्या कक्षातली आहेत.

यंत्राचे बटण दाबल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात काय घडते ते क्रमाने पाहू. नेटवर्क कार्डात पीएक्सई नावाचा एक छोटा प्रोग्रॅम कायमचा बसवलेला असतो. आपला पत्ता काय आणि सर्व्हर कुठे, यांपैकी काहीच त्याला ठाऊक नसते, म्हणून तो नेटवर्कवरच्या सर्वांना ऐकू जाईल अशी हाक देतो: मला पत्ता द्या. या हाकेला उत्तर देणारी व्यवस्था म्हणजे डीएचसीपी. ती यंत्राला आयपी पत्ता देते आणि सोबत कोणती फाइल कोणाकडून घ्यायची तेही सांगते. मग टीएफटीपी या साध्या पद्धतीने ती फाइल आणि पाठोपाठ लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, यंत्राच्या मेमरीत उतरतो. कर्नल जागा झाला की सर्व्हरवरची प्रणालीची प्रतिमा, म्हणजे तिची तयार प्रत, नेटवर्कवरूनच जोडून घेतो आणि शेवटी लॉगिनची चौकट दिसते.

ही साखळी जिथे तुटते तिथला निरोप पडद्यावर लिहिलेला असतो, पण तो इंग्रजीत आणि तुटक असल्यामुळे कोणी वाचत नाही. ‘पीएक्सई-ई६१’ आला तर कार्डाला केबलच सापडलेली नाही. केबल निघाली आहे, तुटली आहे किंवा स्विचचे, म्हणजे सगळ्या केबली जिथे एकत्र येतात त्या पेटीचे, ते पोर्ट मेले आहे. ‘ई५१’ म्हणजे हाक दिली, पण पत्ता द्यायला कोणी पुढे आले नाही. ‘ई५३’ म्हणजे पत्ता मिळाला, पण कोणती फाइल घ्यायची हे पत्ता देणाऱ्याने सांगितले नाही. ‘ई३२’ म्हणजे फाइलचे नाव कळले, मात्र ती देणाऱ्या टीएफटीपी सेवेने उत्तर दिले नाही. हे चार आकडे कागदावर लिहून कक्षाच्या भिंतीवर लावले, तर तंत्रज्ञाला फोन करताना ‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ याऐवजी ‘ई५३ येतोय’ असे सांगता येते आणि त्या एका वाक्याने त्याची अर्ध्या दिवसाची खेप वाचू शकते.

निरोप वाचण्याच्याही आधी मोजायचे असते. एकच यंत्र अडले असेल तर केबल, पोर्ट किंवा ते यंत्र पाहावे. सलग एक ओळ अडली असेल तर त्या ओळीचा स्विच पाहावा. सगळीच अडली असतील तर सर्व्हरकडे जावे. आणि यंत्रे विखुरलेली अडली असतील, म्हणजे तिसरे चालते, चौथे नाही, नववे सकाळी चालत नव्हते पण दुपारी चालले, तर बहुधा एका विशिष्ट दोषाची शंका घ्यावी. तो दोष पुन्हा पुन्हा भेटतो आणि चांगल्या चांगल्यांना चकवतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

सुरुवातीला सांगितलेला नऊ पडद्यांचा प्रसंग मी एका शाळेत अनुभवलेला आहे. आम्ही केबली बदलल्या, सर्व्हर दोनदा बंद-चालू केला, अडलेल्या यंत्राची मेमरी काढून दुसऱ्यात घातली. काही उपयोग झाला नाही. शेवटी अडलेल्या पडद्यावरची ओळ शांतपणे वाचली, तेव्हा तिथे १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता दिसला. आमचा सर्व्हर देत होता ते सगळे पत्ते १९२.१६८.६७ ने सुरू होणारे होते. म्हणजे या यंत्रांना पत्ता भलत्याच कोणाकडून मिळत होता. शोधता शोधता कपाटामागे एक छोटा वायफाय राउटर सापडला. आदल्या आठवड्यात शिक्षकांचे प्रशिक्षण झाले होते, तेव्हा इंटरनेटसाठी कोणीतरी तो आणून एका केबलने स्विचला जोडला होता आणि तो तसाच राहिला होता.

घरगुती राउटर स्वतःच डीएचसीपीचे काम करतो, हाक ऐकू आली की पत्ता देतो; त्याची यात काही चूक नाही, ते त्याचे कामच आहे. पण आता कक्षात एका हाकेला दोघे उत्तर देत होते आणि पहिले उत्तर कोणाचे पोहोचेल हे दर वेळी वेगळे ठरत होते. काही कार्डे पहिल्याच उत्तरावर समाधान मानतात. त्यांना राउटरचे उत्तर आधी मिळाले की पत्ता मिळतो, फाइलचे नाव मिळत नाही आणि ‘ई५३’ दिसतो. काही कार्डे थोडी थांबून फाइलचे नाव देणारे उत्तर निवडतात, त्यामुळे ती पुढे जातात, कर्नलही उतरवतात. परंतु अनेक रचनांत जागा झालेला कर्नल पत्ता पुन्हा एकदा, स्वतःसाठी मागतो, आणि या दुसऱ्या खेपेला राउटर पुढे गेला तर यंत्र अर्ध्या वाटेवर अडते. एकाच कारणामुळे काही पडदे सुरुवातीलाच थांबलेले, काही मध्येच, तर काही व्यवस्थित चालणारे असे चित्र दिसते, ते यामुळे. तीन वेगळी लक्षणे पाहून आपण तीन वेगळे आजार शोधत बसतो.

याची खात्री करण्याची एक सोपी चाचणी आहे आणि तिला एका लॅपटॉपखेरीज कोणतेही उपकरण लागत नाही. सर्व्हरची केबल स्विचमधून काढावी आणि एखादा लॅपटॉप केबलने त्या स्विचला जोडावा. त्याला कोणताही पत्ता मिळायला नको. पत्ता देणाराच नसल्यामुळे तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेईल. तरीही त्याला १९२.१६८ चा पत्ता मिळाला, तर नेटवर्कवर दुसरा कोणीतरी पत्ते वाटतो आहे हे नक्की. मग एकेक केबल काढत जावे. जी काढल्यावर पत्ता मिळणे थांबते तिच्या दुसऱ्या टोकाला तो राउटर असतो. कक्षाला राउटर हवाच असेल, तर त्यातली डीएचसीपीची सोय बंद करता येते. नाहीतर पत्ते राउटरनेच द्यावेत आणि सर्व्हरने फक्त फाइलचे नाव सांगावे अशी वाटणीही करता येते. डीएनएसमास्क या प्रोग्रॅममध्ये ‘प्रॉक्सी डीएचसीपी’ नावाने ती सोय आहे.

केबलींचे दोष याहून साधे वाटतात, पण त्यातही एक खोच आहे. नेटवर्कच्या केबलमध्ये नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. सेकंदाला १०० मेगाबिट वेगाला नारिंगी आणि हिरवी एवढ्या दोनच जोड्या पुरतात. १००० मेगाबिटला मात्र चारही लागतात. बाकाच्या पायाखाली दबून किंवा उंदराने कुरतडून तपकिरी जोडीतली एक तार तुटली, तर जुने यंत्र त्या केबलवर निर्धोक चालते आणि नवे यंत्र अडते. मग ‘नवे यंत्रच खराब आले’ असा निष्कर्ष निघतो. अशा वेळी काही कार्डे आपणहून १०० वर उतरतात, तर काही जोडणी करण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात आणि पोर्टवरचा दिवा लागतो-विझतो. कनेक्टरची प्लॅस्टिकची जीभ तुटलेली असेल, तर केबल बसलेली दिसते पण धक्का लागला की सुटते. म्हणून केबल घालताना ‘टक्’ असा आवाज आला का, हे मी मुलांनाही ऐकायला सांगतो.

कक्ष झाडताना निघालेली केबल कोणीतरी मदत म्हणून मोकळ्या दिसणाऱ्या पोर्टात लावतो आणि तिची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये जातात, असेही घडते. इथरनेटच्या, म्हणजे केबलच्या नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या, पाकिटावर ‘इतक्या टप्प्यांनंतर नष्ट व्हावे’ अशी कोणतीही खूण नसते, त्यामुळे सर्वांसाठी दिलेली एक हाक त्या वर्तुळात अखंड फिरत राहते, तिच्या प्रती होत जातात आणि काही क्षणांत स्विचचे सगळे दिवे एका तालात वेगाने लुकलुकू लागतात. सगळा कक्ष एकदम ठप्प होतो. असे वर्तुळ ओळखून तोडण्याची ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधली आणि महागड्या स्विचमध्ये ती असते. मात्र जुन्या स्पॅनिंग ट्रीमध्ये नवे यंत्र जोडल्यावर ते पोर्ट साधारण ३० सेकंद तपासणीत घालवते आणि तेवढ्यात यंत्राची हाक वाया जाते. चांगला स्विच आणल्यावर ‘ई५१’ दिसू लागला, तर थिन क्लायंटच्या पोर्टांपुरती ही वाट पाहणे बंद करण्याची सोय स्विचच्या मांडणीत शोधावी.

यंत्रे चालतात पण सगळे फार हळू होते, ही तक्रार वेगळी आहे आणि तिथे हिशेबच करावा लागतो. समजा, सुरू होताना प्रत्येक यंत्र सर्व्हरकडून २०० मेगाबाइट वाचते आणि बाई तीसही यंत्रे एकदम सुरू करायला सांगतात. एकूण ६००० मेगाबाइट, म्हणजे ४८,००० मेगाबिट झाले. सर्व्हर आणि स्विच यांच्यातली केबल १०० मेगाबिटची असेल तर याला आठ मिनिटे लागतात. १००० मेगाबिटची असेल तर ४८ सेकंद. म्हणून पैसे थोडेच असतील तर ते सर्व्हरला जाणाऱ्या त्या एका दुव्यावर आधी खर्च करावेत असे माझे ठाम मत आहे. प्रोग्रॅम सर्व्हरवर चालून पडद्याचे चित्र नेटवर्कवरून यंत्राकडे येत असेल, तर चलच्चित्राचा हिशेब आणखी बोलका आहे. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा पडदा, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, सेकंदाला २५ चित्रे, अशी सगळी माहिती आकार कमी न करता पाठवायची म्हटली तर एका मुलासाठी सेकंदाला सुमारे ४७२ मेगाबिट लागतात. १००० मेगाबिटच्या दुव्यावर दोनच मुले मावतात. यासाठीच २०१९ साली नव्याने लिहिलेल्या एलटीएसपीमध्ये प्रोग्रॅम सर्व्हरवर न चालवता मुलासमोरच्या यंत्रावरच चालवण्यावर भर दिला गेला. सर्व्हर प्रणाली आणि फाइली पुरवतो, चित्र यंत्र स्वतः रंगवते. अर्थात त्यासाठी यंत्रात पुरेशी मेमरी लागते.

एखादी मुलगी पासवर्ड बरोबर घालते, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनची चौकट येते. अशा वेळी तिला ‘नीट टाइप कर’ असे म्हणण्याआधी शेजारच्या चालत्या यंत्रावर बसवून पाहावे. तिथे ती आत गेली तर दोष यंत्राच्या बाजूचा आहे. तिथेही तेच झाले तर दोष तिच्या खात्यात किंवा सर्व्हरवर आहे, आणि सर्व्हरची डिस्क भरलेली असणे हे त्याचे नेहमीचे कारण आहे: आत जाताना छोट्या फाइली लिहाव्या लागतात, त्यांना जागा मिळत नाही म्हणून प्रणाली तिला बाहेर पाठवते. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ सर्व्हरवर ठेवल्यानंतरच्या आठवड्यात मी हे पाहिले आहे.

आपल्याकडच्या विजेचा विचार वेगळा करावा लागतो. यूपीएस सर्व्हरला जोडतात आणि स्विच साध्या बोर्डावर राहतो. वीज क्षणभर गेली तर सर्व्हर टिकतो, पण स्विच पुन्हा सुरू होईपर्यंत यंत्रांचा आधार तुटतो आणि यूपीएसवर असलेली यंत्रेसुद्धा आहेत तिथे गोठतात. सात-आठ वॅटचा तो स्विच त्याच यूपीएसवर घेतला की हा त्रास जातो. वीज बराच वेळ जाऊन आली तर थिन क्लायंट सर्व्हरच्या कितीतरी आधी जागे होतात, हाक देतात, उत्तर न मिळाल्याने थांबतात आणि कोणी हात लावेपर्यंत तसेच राहतात. म्हणून आधी सर्व्हर, त्याची लॉगिनची चौकट आल्यावर यंत्रे, हा क्रम दारावर लिहून ठेवावा.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये कक्ष उघडला की एक-दोन जुनी यंत्रे नेटवर्ककडे न वळता ‘डिस्क सापडत नाही’ असा निरोप देतात. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी ३ व्होल्टची असते. ती संपली की यंत्र तारीख विसरते आणि आधी नेटवर्कवर जायचे हेही विसरते. पडद्यावरची तारीख कित्येक वर्षे मागची दिसली तर हेच कारण. बॅटरी बदलावी, बायॉसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणीत, जाऊन नेटवर्क पहिल्या क्रमांकावर आणावे, तारीख नीट करावी आणि त्या यंत्रावर चिकटवलेला कागद काढून टाकावा.